आडवी खुर्ची

“तू अजून लिहिलंच नाहीस,” असं म्हणत तिरिलनं दुकानाच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, आपला प्लास्टरमधला हात गुन्वोरच्या पुढ्यात आणला, आणि गुन्वोरच्या हातातला दुधाचा खोका पडता पडता राहिला. सहा वर्षांची पोर. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, त्यामुळे हसली की जरा मवाली दिसायची. हात काखेपासून मनगटापर्यंत काटकोनात बांधलेला आणि त्यावर निम्म्या गावाची नावं. बदामं, एक मासा, पोस्टमनची ऐटबाज सही. मागे बटाट्याच्या पिशवीशी झटणारी तिची आई इंगुन म्हणाली, “लिही गं काहीतरी, गुन्वोर. नाहीतर ही तुला घरी जाऊ देणार नाही.” गल्ल्यावरच्या मुलीनं पेन पुढे केलं. गुन्वोरनं चष्मा सारखा केला, जागा शोधायला वाकली, आणि प्लास्टरच्या बरोबर मध्यभागी, शाळकरी ठोकळी अक्षरांत लिहिलेलं तिनं वाचलं: माफ कर. आर्विद. मागे माणसं खोळंबली होती, कुणीतरी खाकरलं. पेन टेकवून तिनं भराभर एक खार काढली. झुपकेदार शेपटी, हातात अक्रोड. खार तिला चांगली यायची, एकतीस वर्षं वाचनालयात मुलांना काढून दिल्या होत्या. “आणि नाव?” तिरिल म्हणाली. “खारीला कशाला हवंय नाव?” गुन्वोर म्हणाली. सगळे हसले. इंगुनही हसली. दुधाचा खोका घेऊन गुन्वोर बाहेर पडली, आणि पार चर्चच्या फाटकापर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आलं, की पैसे द्यायचे राहिले.

ती परत गेली नाही. उद्या देऊ, असं मनाशी म्हणाली आणि लगेच स्वतःवरच भडकली. उद्या, उद्या. ही सवय तुझी, भवाने. सगळं उद्या. आर्विदनं लिहिलं. बिचाऱ्यानं कुठे लिहिलं असेल? इस्पितळात गेला असेल तो, त्या निळ्या कामाच्या डगल्यात, टोपी हातात धरून. पलंगाशी उभा राहिला असेल आणि काय बोलावं ते न सुचून पेन मागितलं असेल. तो लहानपणापासून तसाच. नऊ वर्षांचा होता तेव्हा वाचनालयाच्या कोपऱ्यात पुस्तक उलटं धरून बसायचा, कारण वाचता येत नाही हे कुणाला कळू नये. गुन्वोरला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. काही न बोलता तिनं पुस्तक सुलटं करून दिलं आणि शेजारी बसली. दोन हिवाळे लागले. शेवटी तो वाचायला लागला तेव्हा बोट ठेवून, ओठ हलवून, एकेक अक्षर दगडासारखं उचलून वाचायचा. आता चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या झाला, नगरपालिकेच्या तीन इमारती सांभाळतो, पण अक्षर तेच राहिलं. माफ कर. कशाबद्दल रे? तू काय केलंस? तू तर विचारलं होतंस.

त्या रविवारी जुन्या शाळेचा दुगनाड होता. वर्षातून दोनदा असतो, वसंतात आणि पानगळीत. सगळं गाव जमतं, जो तो घरून फडकी, बादल्या, दंताळी आणतो, आणि संध्याकाळच्या आत इमारत लख्ख करून सगळे वॅफल खाऊन घरी जातात. कोण काय करणार हे कुणी कुणाला सांगत नाही. कुणी काय केलं हे नंतर कुणी विचारतही नाही, विचारलेलं बरं दिसत नाही. डॉक्टर संडास घासतो आणि त्याचा पेशंट खिडक्या पुसतो. काम सगळ्यांचं, नाव कुणाचंच नाही. गुन्वोरला हे फार आवडायचं. आयुष्यभर ती अभिमानानं सांगत आली होती की आपल्या गावात असं असतं. त्या दिवशीही सकाळी नऊला ती आपली जुनी पत्र्याची बादली घेऊन हजर झाली आणि सरळ जिन्याकडे गेली. जिन्याकडे दुसऱ्या कुणी गेलंच नसतं. जिना गुन्वोरचा, हे न बोलता ठरलेलं होतं. खाली सभागृह, वर वाचनालय, मधे एकोणीस पायऱ्या. एकतीस वर्षं रोज चढली-उतरली होती ती. पाइनच्या लाकडाच्या त्या रुंद पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि या चार वर्षांत नगरपालिकेनं त्यांची पार रया घालवली होती. कसलंसं निळं पाणी फवारायचं आणि लांब दांड्याच्या फडक्यानं फिरवायचं, की झालं. लाकूड करडं पडलेलं, कोरडं, म्हाताऱ्या बाईच्या टाचेसारखं. उपाशी ठेवलंय, ती मोठ्यानं म्हणाली. खालून जाणारी बोर्गिल, दुगनाडच्या वॅफलची कायमची मालकीण, तिला म्हणाली, “कोण उपाशी? तू? अगं पीठ आत्ता कुठे भिजतंय.” “जिना गं,” गुन्वोर म्हणाली. “हो का? मग त्याला पण एक देते, जॅम लावून.”

हिरवा साबण तिनं घरून आणला होता. काकवीसारखा दाट, पाइनच्या वासाचा. तो वास नाकात गेला की ती आठ वर्षांची व्हायची आणि आई गुडघ्यांवर बसलेली असायची, बाह्या वर सारलेल्या, मान लाल. आईचं म्हणणं असं, की लाकडाला धुवायचं नसतं, जेवू घालायचं असतं. कढत पाण्यात साबण कालवायचा, ब्रशनं रेषेरेषेनं जिरवायचा, आणि वरून साधं पाणी मुळीच मारायचं नाही. साबण आतच राहू द्यायचा. मग लाकूड पांढुरकं होतं, रेशमासारखं. गुन्वोरनं तसंच केलं, आणि एकदा नाही, दोनदा केलं. लाकूड पीत होतं ना. दिलं की पीत होतं. गुडघे दुखायला लागले, पाठ मोडून आली, तरी एकोणिसावी पायरी होईपर्यंत ती उठली नाही. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून वर बघितलं तेव्हा पुढच्या खिडकीतलं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं आणि सबंध जिना आतून उजळल्यासारखा दिसत होता. आई असती तर काही बोलली नसती, फक्त मान हलवली असती. गुन्वोरला त्या क्षणी इतका आनंद झाला होता, इतका निखळ, की आता तो आठवला तरी तिला लाज वाटते.

पण आईचं काम तिथं संपायचं नाही. हेच तर. साबण लावून झाला की आई स्वैपाकघरातली एक खुर्ची उचलून आणायची आणि जिन्याच्या पायथ्याशी आडवी टाकायची. चारी पाय बाहेरच्या बाजूला. ती खुर्ची दिसली की घरात कुणीही, बाबासुद्धा, वर जायचा नाही. पोरं त्या रात्री खालीच बाकावर झोपायची. दुसऱ्या दिवशी आई लोकरीचं जुनं फडकं घेऊन पुन्हा गुडघ्यांवर बसायची आणि एकेक पायरी कोरडीच घासायची, वर राहिलेला साबण निघेपर्यंत. मग तळवा टेकवून बघायची. तळवा सरकला, तर अजून घासायची. तळवा जागीच थांबला, की पुढची पायरी. शेवटची पायरी झाल्यावर खुर्ची उचलायची. खुर्ची आडवी आहे तोवर काम चालू आहे, असा त्याचा सरळ अर्थ होता. आता दुगनाड तर एका दिवसाचा. वॅफल झाले की काम संपतं, दुसऱ्या दिवशी कुणी यायचं नसतं, ती रीतच नाही. गुन्वोरला खुर्ची आठवली नव्हती असं नाही. आठवली होती. सभागृहात डोकावून तिनं बघितलंही होतं, पण सगळ्या खुर्च्यांवर माणसं बसली होती, ताटल्या मांडीवर घेऊन, आणि त्यातल्या एखाद्याला उठवून, ऊठ बाबा, खुर्ची आडवी टाकायचीय, असं सांगणं तिला विचित्र वाटलं. म्हातारीला खूळ लागलंय म्हणाले असते. बोर्गिलनं तर आयुष्यभर चिडवलं असतं.

आणि तेवढ्यात आर्विद आला होता. दिवसभर छपरावर पन्हळ साफ करत होता तो. केसांत सडकी पानं अडकलेली, हातात नगरपालिकेचा कागद, त्यावर खुणा करायच्या चौकटी. जिन्याकडे बघून तो नुसता “अरे वा” म्हणाला. मग पहिल्या पायरीवर बोट फिरवून म्हणाला, “गुळगुळीत आहे गं. दोरी बांधू का आडवी? गाडीत आहे माझ्या.” हे तो म्हणाला. शब्द न् शब्द हेच म्हणाला. आणि गुन्वोरनं काय म्हणावं? आताही ती रस्त्यात थांबली आणि खोका तिनं छातीशी धरला. ती म्हणाली होती, “दोरी कशाला? काय खून झालाय इथं? उद्या सकाळी येते ना मी, कोरडं घासून घेते. मी बघते. तू जा, वॅफल गार होतायत.” त्यानं एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. आणि ते बघणं नऊ वर्षांच्या मुलाचं होतं. गुन्वोरनं सांगितलं म्हणजे झालं. त्यानं खिशातून पेन काढलं, चौकटीत खूण केली, खाली सही केली आणि गेला.

सोमवारी सकाळी तिचे गुडघे सुजले होते. खोटं नव्हतं ते, खरंच सुजले होते. पलंगाच्या काठावर बसून तिनं मोजे चढवले, आणि मग बाहेरचं धुकं बघून पुन्हा काढले. संध्याकाळी चारला तिला जायचंच होतं. सोमवारी चार ते पाच मुलांना गोष्टी सांगायच्या, हा नेम तिनं निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. जरा आधी जाऊ आणि घासून घेऊ, असं तिनं ठरवलं. मग कॉफी झाली, रेडिओ झाला, बहिणीचा फोन आला आणि लांबला. जुन्या शाळेच्या दारात पोचली तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. दारात तिच्याच अक्षरातली पाटी: बूट इथेच काढा. तिनं बूट काढले, आपल्या खास सपाता घातल्या, रबरी तळाच्या, आणि कठड्याला धरून वर गेली. तिचा पाय कुठे सरकला नाही. सपाता होत्या ना. वर जाऊन दिवे लावले, उशा मांडल्या. लोकरीचं फडकं तिच्या पिशवीत होतं. तिनं ते बघितलं, घड्याळ बघितलं, आणि गोष्टीनंतर, असं म्हणाली. तिरिल सगळ्यांत आधी आली, नेहमीप्रमाणे कठड्याला लोंबकळत, आजीनं विणलेले लाल लोकरीचे मोजे घालून. “अजून कोण कोण आलंय, बघून ये बरं खाली,” गुन्वोर तिला म्हणाली. तिला सहज म्हणाली. पोर पळाली. आणि मग तो आवाज झाला. मोठा नव्हता. गुन्वोरला वाटलं कुणीतरी पुस्तकांची पिशवी खाली टाकली. मग काही क्षण काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या काही क्षणांत गुन्वोरच्या मनात सरळ, स्वच्छ अक्षरांत उमटलं, की खुर्ची.

कोपराचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. शहरातल्या इस्पितळात नेऊन तारा घातल्या, आठवड्यानं पुन्हा एकदा उघडला हात. पूर्ण सरळ होईल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. आणि या पंधरा दिवसांत गुन्वोर काय म्हणाली? ती म्हणाली, अरेरे. ती म्हणाली, बिचारी पोर. इंगुनच्या दाराशी तिनं दालचिनीचे पाव ठेवले, आत न जाता. कुणीच तिला काही विचारलं नव्हतं. दुगनाडमध्ये जिना कोणी धुतला, हे विचारणं म्हणजे गावाच्या तोंडावर थुंकणं. सगळ्यांनी मिळून धुतलं, सगळ्यांना वाईट वाटलं. उरला तो पगारी माणूस. त्याची तेवढी सही होती. बोर्गिलनंच फोनवर सांगितलं, “शुक्रवारी दोनला बोलावलंय आर्विदला, तिथंच, जुन्या शाळेत. नगरपालिकेची बाई येणारे. त्यानं खूण केली होती म्हणे, सगळं ठीक आहे म्हणून. बघ ना, असा सरळ माणूस आणि एवढं बघू नये त्यानं?” गुन्वोर फोन कानाला लावून उभी राहिली. “हॅलो? आहेस का?” बोर्गिल म्हणाली. “आहे,” ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच, आणि ते इतकं सोपं असतं हे तिला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं.

गुरुवारी ती मुद्दाम जुन्या शाळेवरून गेली. दार उघडं होतं, आणि आर्विद जिन्यावर गुडघ्यांवर बसून प्रत्येक पायरीच्या कडेला काळी खरखरीत पट्टी चिकटवत होता. बाराव्या पायरीपर्यंत आला होता. त्या रेशमी पांढुरक्या लाकडावर त्या काळ्या पट्ट्या इतक्या ओंगळ दिसत होत्या की गुन्वोरला आधी लाकडाचंच वाईट वाटलं, आणि मग आपल्याला लाकडाचं वाईट वाटलं याची शरम वाटली. “आत ये की,” तो वर न बघता म्हणाला. “बूट घालून आलीस तरी चालेल. आता सगळं चालतं.” तिनं बूट काढले. पायथ्याशी उभी राहून ती म्हणाली, “आर्विद, तू त्यांना सांगितलं नाहीस.” “काय सांगायचं?” “दोरीचं.” त्यानं अंगठ्यानं पट्टी दाबून बसवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. “सही माझी होती ना.” “पण मी म्हणाले होते, मी बघते.” “म्हणाली होतीस.” “मग?” “मग काय, गुन्वोर! तू म्हणालीस आणि मी खूण केली. मला डोळे नाहीत? बोट फिरवून बघितलं होतं मी. कळलं होतं मला. पण तुझ्यापुढे...” तो थांबला. मग हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “तुझ्यापुढे मला अजून वाटतं, पुस्तक उलटं धरलंय की काय.” पट्टीचा मागचा कागद सोलत तो म्हणाला, “तू नको मधे पडूस. मी रस्त्यांच्या कामाकडे बदली मागितलीय. बर्फ उकरायचं, खडी टाकायची. बरं आहे. तिथं पोरं धावत नाहीत.” “ही इमारत सोडून? तू?” ती म्हणाली. “या सोमवारी आलो होतो,” तो म्हणाला, “वर कुणीतरी पळत होतं. मी खाली सभागृहात होतो आणि माझे हात असे थरथरायला लागले. असं कसं काम करायचं?” पुढे तिला वाटलं होतं तो काही टोचून बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “जरा ती कात्री दे गं.” तिनं दिली.

घरी येऊन ती स्वैपाकघरात बसली. खुर्च्या चार होत्या, आईच्याच. त्यातली आडवी टाकायची कोणती हे तिला अजून ओळखता येत होतं, तिच्या पाठीचा रंग एका बाजूनं खरवडला गेला होता. ती खुर्ची बघत ती बराच वेळ बसली. मी नसते म्हणाले तर? मी बघते, हे दोन शब्द नसते म्हणाले, तर त्यानं दोरी बांधली असती, पिवळी, ओबडधोबड, आणि पोरं सोमवारी खालीच सभागृहात बसली असती. एवढंच तर होतं. लोकांना वाटत असेल साबणानं झालं. साबणानं नाही झालं. ज्याचं काम होतं त्याला तिनं तिथून घालवलं आणि ते काम आपल्या अंगावर घेऊन ती पलंगावर मोजे काढून बसली. आणि का घालवलं? दोरी तिच्या जिन्यावर वाईट दिसली असती म्हणून. दिवसभर घासलेल्या जिन्याची शोभा गेली असती म्हणून. हे तिनं स्वतःलासुद्धा पहिल्यांदाच सांगितलं, आणि सांगितल्यावर तिला रडू आलं. छान रडली ती, नाक पुसायला फडकं घेतलं तर ते लोकरीचं निघालं.

शुक्रवारी दोनला ती वर गेली तेव्हा वाचनालयात चारच माणसं होती. नगरपालिकेची बेंटे, तरुण, केस आखूड कापलेली, फारच गोड बोलणारी. आर्विद. इंगुन. आणि कोपऱ्यातल्या उशीवर तिरिल, एका हातानं पुस्तक चाळत. गुन्वोरला बोलावलेलं नव्हतं. ती दारातच उभी राहून म्हणाली, “मला काही सांगायचंय,” आणि मग सगळं सांगितलं. साबण दोनदा लावला ते, खुर्ची आठवली होती ते, दोरी, मी बघते, गुडघे, बहिणीचा फोन, पिशवीतलं फडकं. बेंटेनं मान वाकडी करून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “किती मोकळेपणानं सांगितलंस, गुन्वोर. पण हे बघ, दोषी कोण ते आपण शोधतच नाहीये. पद्धतीत कुठे चुकलं, तेवढं बघायचंय. दुगनाड सगळ्यांचा होता. तू एकटीनं मनाला लावून घेऊ नकोस.” “मी मनाला लावून घेत नाहीये,” गुन्वोर म्हणाली, “मी सांगतेय. यानं विचारलं होतं, आणि मी त्याला जा म्हणाले. ते लिही.” “लिहिते की. पुढच्या दुगनाडपासून जिना वगळायचा, असं ठरलंच आहे.” “तसं नाही. माझं नाव लिही.” बेंटेनं कागद उलटापालटा करून बघितला आणि जरा ओशाळून म्हणाली, “नावाला इथं चौकटच नाहीये गं. फक्त इमारत सांभाळणाऱ्याची सही असते.” आर्विद खाली, आपल्या हातांकडे बघत होता. बदलीच्या कागदावर त्यानं आधीच सही केलेली होती, सोमवारपासून तो खडीच्या गाडीवर.

इंगुन उठली. गुन्वोरला वाटलं, आता ही बोलेल. आता ही मला झोडपून काढेल, आणि बरं होईल. इंगुनचा चेहरा पांढरा पडला होता. “तू दारात पाव ठेवलेस,” ती म्हणाली, “मी तुझे आभार मानले. परवा दुकानात मीच तुला म्हणाले, लिही.” एवढंच म्हणून तिनं तोंड फिरवलं, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. “तिरिल, चल. खाली जाऊन बूट घाल. येते मी.” तिरिल उशीवरून उठली. पुस्तक जागेवर ठेवलं. गुन्वोर तिच्या मागोमाग जिन्याशी आली, कशाला ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

आणि तिथं तिनं बघितलं, की पोर थांबली. कठड्याला लोंबकळत चढणारी, दोन दोन पायऱ्या गाळून उतरणारी पोर वरच्या पायरीपाशी थांबली, खाली बघितलं, मग बसली. बसून, बांधलेला हात पोटाशी धरून, ढुंगणावर एक पायरी खाली सरकली. थांबली. चांगल्या हाताच्या तळव्यानं पुढची पायरी चाचपली. मग सरकली. हे तिला कुणी शिकवलेलं नसणार. कठडा धरून, गुडघे कुरकुरत असताना, ती पण खाली बसली आणि तिच्या शेजारी एक पायरी सरकली. काळी पट्टी मांड्यांना टोचली. लाकडाला अजून पाइनचा वास येत होता. तिसऱ्या पायरीवर तिरिलनं विचारलं, “आर्विदनं नव्हतं केलं?” “नाही. मी केलं.” “मग त्यानं का लिहिलं?” “त्याला वाटलं त्यानं केलं.” तिरिलनं थोडा विचार केला. “मग तू पण लिही,” ती म्हणाली, “पेन आहे माझ्या खिशात.” गुन्वोरनं पेन घेतलं आणि जागा शोधायला लागली. प्लास्टर गच्च भरलं होतं. पोस्टमन, मासा, बदामं, आर्विद, आणि अक्रोड धरून बसलेली ती निर्लज्ज खार. तिरिलनं हात हळूहळू वळवला, दुखलं तशी तोंड वाकडं केलं, आणि कोपराखालची टीचभर जागा दाखवली. “इथं आहे,” ती म्हणाली, “पण इथलं मला दिसत नाही. कुणालाच नाही दिसत.”

गुन्वोरनं तिथंच लिहिलं. जागा अडचणीची होती म्हणून अक्षर आर्विदसारखंच ठोकळी आलं. पेन परत देऊन ती तशीच बसून राहिली. अजून सोळा पायऱ्या होत्या. तिरिल पुढे सरकली, मग मागे वळून तिच्याकडे बघत म्हणाली, “तू पण घाबरतेस?”

“हो गं,” गुन्वोर म्हणाली.

“मग आधी हात ठेवून बघायचं,” तिरिल म्हणाली, “सरकला नाही, तरच बसायचं.” आणि पुढच्या पायरीवर आपला छोटा तळवा टेकवून, तो जागच्या जागी थांबेपर्यंत ती तशीच दाबत राहिली.